ठिपक्यांचा शिरस्ता

छापलेल्या छायाचित्रात करडा रंग मुळी नसतोच. शाई जिथे लागते तिथे ती पूर्ण काळी असते, जिथे लागत नाही तिथे कागद किंवा कापड आपल्या मूळच्या रंगाने कोरे राहते, आणि या दोहोंमधली कोणतीही अवस्था त्या शाईस ठाऊक नसते. असे असूनही गणपतीच्या मूर्तीच्या गालाची गोलाई, सोंडेच्या वळणाखालची सावली आणि मुकुटाच्या कडेवरचा उजेड आपणांस मंडळाच्या टी-शर्टावर स्वच्छ दिसतो, याचे कारण असे की ते चित्र छापण्यापूर्वी लहानमोठ्या ठिपक्यांत मोडलेले असते आणि हातभर अंतरावरून पाहणाऱ्याचा डोळा ते ठिपके विसरून त्यांच्या दाटीविरळीलाच छटा मानून घेतो. हे ठिपके इंचास किती ओळींनी बसवावेत, त्या ओळी कोणत्या कोनात तिरप्या ठेवाव्यात आणि प्रत्येक ठिपक्याची आकृती कोणती असावी, हे तीन निर्णय कोणी तरी घेतल्यावाचून असे ठिपक्यांचे चित्र, म्हणजे हाफटोन, सिद्ध होत नाही. ते निर्णय हल्ली बहुधा कोणीच घेत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पुण्याच्या पूर्व भागातील एका पेठेत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, स्क्रीन प्रिंटिंगचा एक छोटेखानी कारखाना आहे. आषाढ लागला की तेथे गणेश मंडळांच्या कामांची झुंबड उडते. भिंतीलगत लाकडी व अल्युमिनियमच्या चौकटी एकीवर एक रचलेल्या असतात, वरच्या दोरीवर ओले टी-शर्ट टांगलेले असतात, आणि आतल्या खोलीत, जिथे पिवळ्या दिव्याखेरीज दुसरा उजेड येऊ दिला जात नाही, तिथे जाळीवर प्रकाशग्राही इमल्शनचे कोटिंग वाळत असते. मालक साठीच्या पलीकडचे. त्यांचे उमेदीचे दिवस ब्लॉकमेकरच्या, म्हणजे छपाईचे ठसे बनवणाऱ्याच्या, हाताखाली गेले आणि पुढे ब्लॉकांचा धंदा बसल्यावर ते जाळीकडे वळले. संगणकाच्या टेबलाशी त्यांचा पुतण्या बसतो. गतवर्षी या पुतण्याने नव्या संगणकावर, सॉफ्टवेअर नव्याने बसवून, एका मंडळाच्या मूर्तीचे छायाचित्र हाफटोन केले, ट्रेसिंग फिल्मवर त्याचा पॉझिटिव्ह काढला, तो जाळीवर उतरवला आणि शे-दीडशे टी-शर्ट छापून झाल्यावर काकांच्या लक्षात आले की मूर्तीच्या पोटावर, जिथे सलग मऊ छटा हवी होती तिथे, तळ्यातील पाण्यावर उठाव्यात तशा तिरप्या लाटा उठल्या आहेत. चित्रात त्या लाटा नव्हत्या, फिल्मवर नव्हत्या, आणि जाळीवर नुसत्या डोळ्यांनी पाहता त्या असल्याचा संशयही येत नव्हता. कारखान्यात या प्रकारास ‘पॅटर्न पडला’ असे म्हणतात, आणि पॅटर्न पडलेला माल मंडळाच्या कार्यकर्त्यांना देणे म्हणजे पुढल्या वर्षीच्या कामावर स्वहस्ते पाणी सोडणे होय.

“साहेब, कॉम्प्युटरला कापड कुठं माहीत असतंय?” काका मला म्हणाले. “त्याला माहीत कागद. तोही त्याच्या ओळखीचा.”

या उत्तरात जेवढे तथ्य आहे तेवढे पुष्कळ जाडजूड ग्रंथांतून सापडत नाही. पण ते उलगडून सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

हाफटोनची पहिली जाळी कापडाचीच होती, हे आजच्या स्क्रीन प्रिंटरला सांगितले तर त्याला नवल वाटेल. छायाचित्रणाचे एक आद्य प्रवर्तक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८५२ साली इंग्लंडात जे पेटंट घेतले त्यात, धातूच्या पत्र्यावर छायाचित्र कोरण्यासाठी, मूळ चित्र आणि प्रकाशग्राही लेप यांच्यामध्ये विरळ विणीचे काळे कापड धरावे, म्हणजे त्याच्या धाग्यांनी सलग छटांचे तुकडे होतील, अशी युक्ती वर्णन केलेली आहे. वीण हे विभाजनाचे साधन होऊ शकते ही त्यातील कल्पना. पुढील तीस-चाळीस वर्षांत अनेकांनी अनेक रीतींनी ती सुधारली. म्युनिकच्या मायझेनबाखने १८८२ मध्ये एकाच दिशेच्या रेषांची काच वापरून ती अर्ध्या प्रकाशनानंतर फिरवण्याची तजवीज केली, फिलाडेल्फियात फ्रेडरिक आइव्हज याने आडव्याउभ्या रेषांच्या काचेचा मार्ग धरला, आणि त्याच नगरातील लेव्ही बंधूंनी, काचेवर आम्लरोधक लेप देऊन, हिऱ्याच्या टोकाने त्यावर सारख्या अंतराच्या रेषा ओढून, त्या आम्लाने खोदून, खोदलेल्या चरांत काळा रंग भरून आणि अशा दोन काचा रेषा काटकोनात येतील अशा बेताने एकमेकींस चिकटवून, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जगभरच्या ब्लॉकमेकरांना पुरवण्याजोगी अचूक जाळी सिद्ध केली.

या काचेची जाळी मोठी महाग असे. वृत्तपत्राच्या खरखरीत कागदासाठी इंचास ६५ किंवा ८५ रेषांची एक, आर्ट पेपरसाठी १३३ किंवा १५० रेषांची दुसरी, अशा काचा ब्लॉकमेकरच्या कपाटात मखमलीच्या खोळीत उभ्या ठेवलेल्या असत, आणि कागद बदलला की कॅमेरामन उठून कपाट उघडी, एक काच ठेवी, दुसरी काढी, ती फोटोच्या प्लेटपुढे काही मिलिमीटरांवर बसवी, ते अंतर मोजी, भिंगाचे छिद्र ठरवी आणि मगच प्रकाशन करी. काकांनी हे सारे हाताने केलेले आहे. निर्णय घेतला जात आहे हे त्या काळी सगळ्या खोलीला दिसत असे; काच चुकीची निघाली तर कोणाच्या हातून निघाली हेही दिसत असे.

आपल्या देशात या विद्येची ज्याने केवळ नक्कल न करता तिच्यात भर घातली असा पुरुष कलकत्त्यास होऊन गेला, आणि त्याची आठवण मराठी मुद्रकांनी ठेवायला हवी तेवढी ठेवलेली नाही. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १८९५ च्या सुमारास लंडनहून सामग्री मागवून आपला प्रोसेस स्टुडिओ थाटला. पुढे तो ‘यू. राय अँड सन्स’ या नावाने प्रसिद्धीस आला. सत्यजित राय यांचे हे आजोबा मुलांसाठी गोष्टी लिहीत, चित्रे काढीत, व्हायोलिन वाजवीत, आणि उरल्या वेळात हाफटोनच्या ठिपक्याचा जन्म कसा होतो याचा गणिती विचार करीत. १८९७ पासून १९११-१२ पर्यंत लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात त्यांचे निबंध प्रसिद्ध होत राहिले: ठिपक्याची उपपत्ती, जाळीचे अंतर आपोआप जुळवण्याची रीत, एकाऐवजी अनेक छिद्रांचा वापर, आणि काटकोनाऐवजी ६० अंशांत छेदणाऱ्या रेषांची जाळी. कोन हा केवळ पूर्वापार वहिवाटीचा विषय नसून प्रयोगाचा विषय आहे, हे ज्यांनी जाळी बनवून विकली त्या पश्चिमेला कलकत्त्यात बसून सांगणाऱ्या या माणसाचे धैर्य मला त्याच्या गोष्टींइतकेच मनोरम वाटते.

मनोरम हा शब्द लेखणीतून सहज उतरला आणि त्याबरोबर ‘मनोरंजन’ आठवले. १९०९ साली ज्या मासिकाने मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या प्रीतीने त्यांनी ‘मित्र’ हे नाव धारण केले होते. म्हणजे आपण वाचता आहात त्या प्रकारच्या अंकाचे कूळही अखेर थोडेसे कलकत्त्याकडे जाते. आपल्या घरात जुने दिवाळी अंक जपलेले असतील तर पन्नासच्या दशकातील एखादे छायाचित्राचे पान जवाहिऱ्याच्या भिंगाखाली धरून पाहावे. ब्लॉकमेकरच्या काचेचा कोन आणि रेषांची संख्या तिथे अजून मोजता येते, आणि कागद स्वस्त असेल तर कॅमेरामनने रेषा कमी करून त्याची कशी मर्जी राखली तेही कळते.

आता ही काच कोठे गेली हे पाहू. १९८२ साली जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी अडोबी ही कंपनी काढली. दोन वर्षांनी पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा आली, जिच्यात पानाचे वर्णन लिहून धाडले की छपाईयंत्र त्याचे ठिपके स्वतः मांडते. आणि १९८५ च्या आरंभी ॲपलचा लेझररायटर, इंचास ३०० ठिपके पाडणारा, ती भाषा समजणारा, बाजारात उतरला. त्या भाषेत ‘सेटस्क्रीन’ नावाची एक आज्ञा आहे. तिला तीन गोष्टी द्याव्या लागतात: इंचास ओळी किती, कोन किती, आणि ठिपका कोणत्या आकृतीने वाढावा याचे सूत्र. कपाटातील सगळ्या काचा, मखमलीच्या खोळींसकट, या एका आज्ञेत सामावल्या. आणि जो कोणी ही आज्ञा देणार नाही त्याच्यासाठी यंत्राने आपल्या पदरची तीन उत्तरे तयार ठेवली. डिफॉल्ट म्हणतात ते हेच.

ती उत्तरे कोठून आली? फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत, छपाईच्या पान-रचनेच्या पेटीतून ‘स्क्रीन्स’ या कळीवर गेले असता, चार रंगांसाठी भरून ठेवलेले आकडे दिसत: निळ्यासाठी ४७.४ ओळी आणि १०८.४ अंश, किरमिजीसाठी ४७.४ आणि १६१.६, पिवळ्यासाठी ५० आणि ९०, काळ्यासाठी ५३ आणि ४५. ज्याने ऑफसेटची पुस्तके वाचली आहेत त्याला १५, ७५, ०, ४५ हे कोन पाठ असतात, १०८.४ आणि १६१.६ हे आकडे त्याला कोण्या विक्षिप्त माणसाच्या पत्रिकेतील ग्रहांशासारखे वाटतील. पण इंचात ३०० घरे असलेला आलेखाचा कागद घ्या. हाफटोनचा एक ठिपका म्हणजे या घरांचा एक गट; गटाचे कोपरे घरांच्या कोपऱ्यांवरच पडले पाहिजेत, कारण लेझरला अर्धे घर काळे करता येत नाही. चार घरे आडवे आणि चार घरे उभे चाला: कोन ४५ अंश, अंतर ५.६६ घरे, आणि ३०० ला ५.६६ ने भागले की ५३. सहा घरे आडवे व दोन उभे चाला: अंतर ६.३२ घरे, म्हणजे इंचास ४७.४ ओळी, आणि कोन १८.४ अंश, त्यात काटकोन मिळवला की १०८.४. दोन आडवे व सहा उभे गेल्यास कोन ७१.६, काटकोन मिळवून १६१.६. सरळ सहा घरे चालल्यास ५० ओळी, ९० अंश. चारही उत्तरे चोख जुळतात. छपाईशास्त्राच्या १५ आणि ७५ या कोनांच्या जितके जवळ त्या जाडसर घरांतून जाता येत होते तितके जाऊन, ज्याने कोणी हे आकडे बसवले त्याने हिशेब पुरा केलेला होता.

हा हिशेब मी काकांच्या टेबलावर, टी-शर्टाच्या पुठ्ठ्याच्या मागे, पेन्सिलीने करून दाखवला तेव्हा पुतण्या चकित झाला आणि काका झाले नाहीत. “म्हणजे लेझररायटरची काच अजून कपाटातच आहे,” ते म्हणाले, “फक्त कपाट उघडायचं राहिलं.” गतवर्षीच्या गणपतीच्या पोटावर लाटा उठल्या त्या याच काचेने: ५३ ओळी, ४५ अंश.

या आकड्यांत वाईट काही नाही. १९८५ च्या यंत्रावर साध्या कागदासाठी ते उत्तमच होते. प्रत्येक ठिपक्याला ३२ घरे मिळत आणि त्यातून कोऱ्यापासून काळ्यापर्यंत ३३ छटा निघत. परंतु त्यांनी ज्या परिस्थितीस अनुलक्षून जन्म घेतला ती परिस्थिती लोपली आणि त्यांचा अंमल राहिला. इनामदार गेला, इनाम चालू राहिले. स्क्रीन प्रिंटरच्या बाबतीत तर ती परिस्थिती कधी अस्तित्वातच नव्हती, कारण त्याच्या फिल्मच्या आणि मालाच्या मध्ये आणखी एक वस्तू उभी असते, जी लेझरच्या यंत्राला ठाऊक असण्याचे कारण नाही. ती म्हणजे जाळी. टॅल्बटने जे विणलेले कापड साधन म्हणून उचलले होते तेच कापड, आधी रेशमाचे आणि आता पॉलिएस्टरचे होऊन, या धंद्यात हाफटोनच्या वाटेत आडवे आले आहे.

काकांच्या कारखान्यात साध्या अक्षरांसाठी ४३ नंबरची आणि बारीक कामासाठी १२० नंबरची जाळी लागते. हे आकडे सेंटिमीटरमधील धाग्यांचे आहेत, इंचात मोजल्यास अनुक्रमे ११० आणि ३०५. १२० नंबरच्या जाळीत एका धाग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर ८३ मायक्रॉन भरते. आता इंचास ४५ ओळींच्या हाफटोनमध्ये पाच टक्क्यांचा, म्हणजे अगदी फिकट छटेचा, गोल ठिपका घ्या: त्याचा व्यास सुमारे १४२ मायक्रॉन. तो पावणेदोन धाग्यांच्या अंतरावर पसरतो. त्याच्या जागी इमल्शनमध्ये जे छिद्र राहील त्यातून शाईला खाली उतरायला वाट मिळेल. हाच ठिपका ४३ नंबरच्या जाळीवर ठेवला, जिथे धाग्यांतील अंतर २३३ मायक्रॉन आहे, तर तो जवळजवळ सबंध धाग्यांच्या एका गाठीखाली सापडू शकतो, आणि तसा सापडला म्हणजे छापताना नाहीसा होतो. कारागीर म्हणतात, ‘डॉट उडाला’. दाट छटांत उलट प्रकार होतो. तिथे कोरी राहणारी बारीक बेटे इमल्शनची असतात. त्यांना धरून ठेवायला पुरेसे धागे मिळाले नाहीत तर जाळी धुतानाच ती पाण्याबरोबर वाहून जातात आणि सावली भरून जाते. ओळींच्या संख्येच्या किमान चौपट, शक्य तर पाचपट, धागे जाळीत असावेत असा जो आडाखा या धंद्यात चालतो त्याचे मूळ इतकेच आहे. ३०५ धाग्यांवर ६० ते ७५ ओळी सिद्धांताने चालाव्यात. पण हाती शाई, हाती स्क्वीजी आणि वर पुण्याचा भाद्रपद, हे लक्षात घेऊन काका ४५ वर थांबतात. हा त्यांचा निर्णय. दुसऱ्याचा निराळा असू शकेल, आणि असावाही.

लाटांचे कारण कोनात असते. दोन नियमित जाळ्या एकमेकींवर ठेवल्या की त्यांच्या अंतरांच्या फरकातून तिसरी, मोठी, कोणी न मागितलेली आकृती उभी राहते. खिडकीच्या जाळीवर दुहेरी मच्छरदाणी पडली असता ज्यांनी पाहिले असेल त्यांना निराळे सांगावयास नको. इंग्रजी पुस्तकांत तिला मोअरे म्हणतात. जाळीचे धागे चौकटीच्या कडांना समांतर, म्हणजे ० आणि ९० अंशांत असतात. हाफटोन ४५ अंशांत ठेवला तर त्याच्या ओळी धाग्यांच्या दोन्ही दिशांशी सारखेच नाते ठेवतात आणि आकड्यांचे गुणोत्तर दुर्दैवाने पूर्णांकाजवळ आले की लाटा दोन्ही बाजूंनी एकमेकींस बळ देतात. ० किंवा ९० अंशांत ठेवला तर धाग्याशी गाठ सरळच पडते. म्हणून मधला मार्ग: ४५ चे निम्मे, २२.५ अंश. एका रंगाच्या कामासाठी स्क्रीन प्रिंटरांनी हा कोन जवळजवळ सर्वत्र पत्करला आहे, आणि चार रंगांसाठीही ऑफसेटचे कोन साडेसात अंशांनी सरकवून २२.५, ५२.५, ८२.५ असे घेणारे पुष्कळ आहेत.

काका मात्र पुस्तकावर विसंबत नाहीत. त्यांच्या कामाची रीत मी मुद्दाम उभे राहून पाहिली. ताणलेली कोरी जाळी त्यांनी खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलावर ठेवली, तिच्यावर हाफटोन काढलेली फिल्म पालथी घातली, आणि दोन बोटांनी ती फिल्म अगदी सावकाश फिरवू लागले. प्रथम बोटभर रुंदीच्या काळ्या पट्ट्या दिसल्या. फिल्म फिरली तशा त्या आकसत, दाटत, बारीक होत गेल्या, एका ठिकाणी केवळ खरखर उरली, मग तीही गेली आणि मूर्तीचे पोट गुळगुळीत दिसू लागले. आणखी थोडी फिरवताच दुसऱ्या दिशेने पट्ट्या परत आल्या. गुळगुळीत ठिकाणी थांबून त्यांनी जाळीच्या कडेला पेन्सिलीने खूण केली आणि शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापकाने कोन मोजला. तो २२ आणि २३ च्या दरम्यान होता. “पुस्तक खोटं नाही,” ते म्हणाले, “पण जाळी ताणताना जरा वाकडी गेली असेल तर पुस्तकाला काय कळणार?”

येथे संगणकाचीही एक खोड सांगितली पाहिजे. पुतण्याचा लेझर प्रिंटर इंचास ६०० ठिपक्यांचा आहे. त्याला ४५ ओळी आणि ४५ अंश मागितले, आणि तो जुन्या साध्या रीतीनेच ठिपका मांडणारा असला, तर त्याला ते देता येत नाही. घरांच्या कोपऱ्यांवरून चालायचे म्हटले की नऊ-नऊ घरांची चाल ४७ ओळी देते आणि दहा-दहांची ४२, मधले काही नाही. पण ४५ ओळी आणि २२.५ अंश मागितले तर बारा घरे आडवी व पाच घरे उभी अशी चाल सापडते, जिचा कर्ण बरोबर तेरा घरे येतो. शाळेतील पायथागोरसचा हा त्रिकोण ४६.१५ ओळी आणि २२.६ अंश देतो, आणि प्रत्येक ठिपक्यास १६९ घरे म्हणजे १७० छटा. मागितले त्याच्या इतके जवळ दुसरे काही मिळणार नाही. नव्या आणि महाग सॉफ्टवेअरमध्ये अनेक ठिपक्यांचा मोठा गट एकत्र हिशेबात धरून ही अडचण टाळतात. काकांच्या कारखान्यात त्याची गरज पडलेली नाही.

तेव्हा आकडे ठरले: ४५, २२.५. आता ते शिरस्त्यात बसवायचे, म्हणजे प्रत्येक नव्या कामाच्या वेळी कोणाला आठवण ठेवावी लागू नये अशी तरतूद करायची, आणि येथे खरी कसोटी लागते. फोटोशॉपच्या त्या जुन्या पेटीत ‘प्रिंटरच्या डिफॉल्ट स्क्रीन वापरा’ अशी एक चौकट खूण करून ठेवलेली असे. ती काढल्याखेरीज खालचे आकडे बदलताच येत नसत. ती काढून, आकडे भरून, कीबोर्डावरील ऑल्टची कळ दाबून धरली की ‘सेव्ह’ या बटणाचे रूप पालटून तेथे बाणासह ‘डिफॉल्ट’ असा शब्द येई, आणि ते दाबले की आपले आकडे कायम होत. ही कळ दाबून धरायची असते हे पेटीवर कोठेही लिहिलेले नव्हते. इतका महत्त्वाचा अधिकार इतक्या आडजागी दडवण्यात प्रोग्राम करणाऱ्यांनी काय साधले हे मला उमगलेले नाही. कोरलड्रॉमध्ये छपाईच्या पेटीतील सेपरेशनच्या पानावर प्रत्येक रंगापुढे ओळी आणि कोन लिहिता येतात आणि ती सारी मांडणी प्रिंट स्टाइल म्हणून नाव देऊन जतन करता येते. हे जास्त सरळ आहे. फोटोशॉपात चित्र आधी ग्रेस्केल करून मग बिटमॅप करण्याचा तिसरा मार्गही आहे, जिथे ठिपके चित्रातच पक्के होतात आणि पुढे कोणत्याही प्रिंटरला त्यात ढवळाढवळ करण्यास वाव राहत नाही. तो खात्रीचा, पण नंतर चित्र लहानमोठे केले की ओळी आणि कोन सारे बिघडते.

आणि आकडे भरले म्हणजे ते पाळले जातीलच असेही नाही. मामलेदाराच्या हुकमावर कलेक्टरकडे आणि कलेक्टरच्या हुकमावर कमिशनरकडे अपील चालावे तशी येथेही उतरंड आहे. चित्र ईपीएस म्हणून जतन करताना त्यात हाफटोनची आज्ञा समाविष्ट करा असे सांगितले असेल तर ती आज्ञा प्रिंटरच्या डिफॉल्टवर वरचढ ठरते. पण फिल्म काढणाऱ्या दुकानातील रिप, म्हणजे पानाचे ठिपके मांडणारा अंतिम कार्यक्रम, बाहेरून आलेल्या आज्ञा फेटाळून स्वतःच्याच राबवाव्यात असा बसवलेला असेल तर ती तिथे रद्द होते, आणि कोणी कोणाला कळवत नाही. आणि प्रिंटर जर पोस्टस्क्रिप्ट न समजणारा, घरगुती कामाचा स्वस्त असेल, तर त्याचा ड्रायव्हर करड्या छटा स्वतःच्या मनाने विस्कटून छापतो आणि आपण भरलेले आकडे बासनात पडून राहतात. लहान कारखान्यांतून हीच तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते: सगळे बरोबर भरले, फिल्मवर दुसरेच आले. यावर घोस्टस्क्रिप्ट नावाचा, १९८८ सालापासून मोफत उपलब्ध असलेला, पोस्टस्क्रिप्ट वाचणारा कार्यक्रम मध्ये बसवून पुष्कळांनी आपली सुटका करून घेतली आहे. पुतण्यानेही तेच केले. फिल्म निघाल्यावर त्याने एक इंच मोजून भिंगाखाली ओळी मोजल्या. सेहेचाळीस भरल्या.

ठिपका फुगतो त्याचे काय, असे कोणी विचारील. कापडावर शाई पसरते, आणि अर्ध्या छटेच्या ठिपक्याची कड सर्वांत लांब असल्यामुळे तोच सर्वांत अधिक पसरतो; फिल्मवर पन्नास टक्के असलेली छटा टी-शर्टावर सत्तरीच्या घरात गेलेली दिसते. यासाठी काकांनी पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्यांची एक पट्टी छापून घेतली. खालून पाच टक्क्यांचा ठिपका उडाला होता, दहाचा टिकला होता. वरून नव्वदच्या पुढचे सारे भरून काळे झाले होते. तेव्हापासून पुतण्या प्रत्येक छायाचित्राची सर्वांत फिकट छटा दहावर उचलतो, सर्वांत गडद पंच्याऐंशीवर उतरवतो आणि मधल्या छटा वक्ररेषेने फिकट करून घेतो. पडद्यावर ते चित्र फिकुटलेले, आजाऱ्यासारखे दिसते आणि मंडळाचे कार्यकर्ते ते पाहून कुरकुरतात.

जाळीच्या छपाईहून सोपी अशी दुसरी एक वाट हल्ली या धंद्यात आली आहे: चित्र थेट विशेष फिल्मवर रंगीत छापून उष्णतेने कापडावर चिकटवायचे. तीत ना जाळी, ना इमल्शन. दहा-वीस टी-शर्टांची कामे तिकडे गेली, आणि काकांना त्याचा खेद नाही. शेकड्यांच्या कामात अजून जाळीच परवडते आणि धुतल्यावर टिकते.

ठिपक्याच्या आकृतीवर मात्र काका-पुतण्यांचा तह झालेला नाही. चौकोनी ठिपके पन्नास टक्क्यांवर चारही कोपऱ्यांनी एकदम जुळतात आणि त्या जागी छटेत उडी पडते, हे दोघांनाही मान्य आहे. काकांचे म्हणणे, लंबवर्तुळ घ्यावे: ते आधी एका दिशेने, चाळिशीच्या आसपास, आणि मग दुसऱ्या दिशेने, साठीच्या आसपास जुळते, त्यामुळे उडी दोन लहान पायऱ्यांत वाटली जाते आणि चेहरा मऊ राहतो. पुतण्याचे म्हणणे, गोलच बरा: तो अठ्ठ्याहत्तर टक्क्यांपर्यंत कोणाला शिवतच नाही, आणि कापडावर पसरणाऱ्या शाईत जितके उशिरा शिवावे तितके चांगले. “अहो काका, ब्लॉकच्या जमान्यातला चेहरा वेगळा, हा टी-शर्ट आहे.” “चेहरा चेहराच असतो रे.” तूर्त संगणकात दोन प्रिंट स्टाइल जतन केलेल्या आहेत, ज्या दिवशी फिल्म काढायला जो बसेल त्या दिवशी त्याची चालते, आणि यंदाच्या गणपतीत कोणत्या मंडळाला कोणती आकृती गेली हे भिंगावाचून सांगता येईल असे दोघांपैकी एकालाही वाटत नाही.